बाईंचा आवाज डी ड्राइव्हवर होता

बाईंनी टॅबवरच्या ‘पाणी’ या चौकटीवर बोट ठेवलं. आवाज आला नाही. स्क्रीनवर एक राखाडी पट्टी आली. फाइल उघडता येत नाही, असं तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. त्यांनी ‘उशी’ दाबलं. पुन्हा तीच पट्टी. मग त्यांनी मांडीवरची छोटी पांढरी पाटी उचलली, मार्करने सावकाश काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे फिरवली.

‘मुकी मी आहे. हा का गप्प?’

आपटे बाईंनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं. वाक्य कमी शब्दांत कसं करायचं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मी डॉक्युमेंटेशनचं काम करतो. कंपन्यांची मॅन्युअल्स, रिपोर्ट्स, फॉर्म्स नीट बांधून द्यायचे. कर्वेनगरमध्ये सोसायटीच्या तळमजल्यावर एका खोलीत माझं ऑफिस आहे. बाईंची मुलगी शर्वरी माझ्या जुन्या नोकरीतली सहकारी. मला प्रसाददादा म्हणते. चार महिन्यांपूर्वी तिचा फोन आला तेव्हा बाईंना मोटर न्यूरॉनचं निदान होऊन थोडेच दिवस झाले होते. या आजारात नसा हळूहळू स्नायूंना काम सांगणं बंद करतात. बाईंच्या बाबतीत सुरुवात जिभेपासून झाली होती. स्पीच थेरपिस्टने सांगितलं होतं की बोलणं आणखी काही आठवडे टिकेल, तोवर रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा.

शर्वरीने विचारलं, “एक असं डॉक्युमेंट करता येईल का, की चौकटीवर बोट ठेवलं की आईचा आवाज येईल?”

मी म्हणालो, “सोपं आहे.”

आणि खरंच सोपं होतं. नारायण पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी पाच रविवार गेलो. शर्वरीच्या ऑफिसच्या लॅपटॉपला हेडफोन लावून बाई एकेक वाक्य म्हणायच्या. ‘पाणी.’ ‘उशी जरा वर.’ ‘पंखा बंद करा.’ ‘अहो, ऐकताय का.’ जीभ जड झाली होती, तरी ‘ळ’ मनासारखा येईपर्यंत त्या वाक्य परत परत म्हणत. एकूण एकशे बासष्ट वाक्यं झाली. शेवटच्या पानावर तीन चौकटी होत्या: एक काकांसाठी, म्हणजे बाईंच्या यजमानांसाठी, एक शर्वरीसाठी, एक नातवासाठी. ती तीन रेकॉर्डिंग्ज करताना त्यांनी आम्हाला बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. चौकटींवर फक्त नावं लिहायची, असं बजावलं.

आणखी एक अट होती. “माझा आवाज घराबाहेर जाणार नाही,” त्या म्हणाल्या होत्या. म्हणून मी ऑडिओ फाइल्सची कॉपी स्वतःकडे घेतली नाही. फक्त वर्डची फाइल नेली, चौकटी आखल्या, परत येऊन त्याच लॅपटॉपवर प्रत्येक चौकटीला लिंक दिली आणि पीडीएफ एक्सपोर्ट केली. मग एकशे एकोणसाठ चौकटी दाबून पाहिल्या. शेवटच्या तीन बाईंनी स्वतः, दार लावून, तपासल्या. एकही लिंक तुटलेली नव्हती.

“झालं,” मी म्हणालो होतो.

त्यानंतर टॅब आला. शर्वरीने पीडीएफ त्यावर टाकली. बाई अजून थोडं बोलत होत्या, म्हणून ती उघडायची वेळ आली नाही. आता ती वेळ आली होती.

मी टॅब हातात घेतला आणि ‘पाणी’वर बोट दाबून धरलं. असं केलं की लिंक कुठे जाते ते दिसतं. तिथे लिहिलं होतं: डी ड्राइव्ह, मग ‘आवाज’ नावाचा फोल्डर, मग फाइलचं नाव. मला लगेच कळलं. लिंकमध्ये आवाज नसतो, आवाजाचा पत्ता असतो. मी दिलेला पत्ता शर्वरीच्या लॅपटॉपमधल्या डी ड्राइव्हचा होता. त्या लॅपटॉपवर तो बरोबर होता. टॅबला डी ड्राइव्ह नसतोच. पत्ता अर्धा द्यायला हवा होता, म्हणजे ‘माझ्या शेजारच्या फोल्डरमध्ये बघ’ असा, आणि पीडीएफबरोबर तो फोल्डरही टॅबवर न्यायला हवा होता. नवशिक्याची चूक. ती मी वीस वर्षांच्या अनुभवाने केली होती.

तरी मला धीर होता. मी बाईंना म्हणालो, “दहा मिनिटांचं काम आहे. शर्वरी, लॅपटॉपवरचा ‘आवाज’ फोल्डर दे.”

शर्वरी म्हणाली, “लॅपटॉप कंपनीचा होता ना. मी नोकरी बदलली. तीन आठवडे झाले, परत केला.”

मी टॅब खाली ठेवला.

“पण मी सगळं पेन ड्राइव्हवर घेतलंय,” ती घाईने म्हणाली. “डेस्कटॉपवर तुम्ही ठेवलेला फोल्डर आधी घेतला. आईचा आवाज विसरेन होय मी?”

तिने कपाटातून पेन ड्राइव्ह आणला. मी माझ्या लॅपटॉपला लावला. वर्डची फाइल होती. पीडीएफ होती. ‘आवाज’ होता. त्याच्या पिवळ्या चित्राच्या कोपऱ्यात एक बारीक बाण होता. साइझ दोन केबी.

दोन केबीत एक शिंकसुद्धा मावत नाही. तो फोल्डर नव्हता, शॉर्टकट होता. शॉर्टकट म्हणजे फोल्डरकडे जायची वाट. दिसतो फोल्डरसारखा, उघडतोही तसाच, पण त्याच्या पोटात काही नसतं. तो शर्वरीने केलेला नव्हता. दर वेळी डी ड्राइव्हमध्ये शोधायला नको म्हणून मीच तिच्या डेस्कटॉपवर ठेवला होता. तिच्या सोयीसाठी.

मी क्लिक केलं. हे ठिकाण उपलब्ध नाही, असा मेसेज आला.

“म्हणजे?” शर्वरीने विचारलं.

“म्हणजे त्या लॅपटॉपपर्यंत पोचायला हवं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिच्या जुन्या कंपनीत गेलो. तळमजल्यावर व्हिजिटर्ससाठी एक काचेची खोली होती, तिथे बसलो. आयटी सपोर्टचा मॅनेजर खाली आला. त्याने पाच मिनिटांत कटवलं असतं तर मला राग तरी काढता आला असता. पण तो माणूस चांगला निघाला. त्याने सीरियल नंबर घेतला, वर जाऊन आला, परत खुर्चीवर बसला.

“मॅडम, तुमचा लॅपटॉप त्याच आठवड्यात फॉरमॅट झालाय. नवीन जॉइनीला दिलाय.”

मी विचारलं, “बॅकअप?”

“सी ड्राइव्हवरच्या डॉक्युमेंट्सचा असतो. डी ड्राइव्हचा नसतो. तसं जॉइनिंगच्या मेलमध्ये लिहिलेलं असतं.”

तो मेल शर्वरीने कधीच वाचला नसेल. डी ड्राइव्ह मात्र मी निवडला होता. सी भरत आला होता, म्हणून.

“डिस्क रिकव्हरीला दिली तर?” मी विचारलं. “पुसलेल्या फाइल्स कधी कधी परत काढता येतात.”

“आमच्या डिस्क एन्क्रिप्टेड असतात, सर. म्हणजे सगळं कुलपात असतं. फॉरमॅट करताना किल्लीच नष्ट होते. कुणालाही दिली तरी हाती काही लागणार नाही.” मग त्याने विचारलं, “काय होतं त्यात?”

“आईचा आवाज,” शर्वरी म्हणाली.

तो खुर्चीवरून उठला. मग म्हणाला, “पाणी घेता का?”

परत येताना रिक्षात शर्वरी बाहेर बघत होती. तिने मला दोष दिला असता तर मी माफी मागितली असती. तिने दिला नाही, त्यामुळे माफी तोंडातच राहिली. घराच्या जिन्यात ती एवढंच म्हणाली, “आईला तुम्ही सांगा, दादा. मला जमायचं नाही.”

मी सांगितलं. काहीही सोपं न करता सांगितलं: पत्ता चुकला होता, शॉर्टकट मीच ठेवला होता, फाइल्स गेल्या, परत येणार नाहीत. बाई ऐकत होत्या. काका खिडकीपाशी उभे होते, त्यांची पाठ आमच्याकडे होती. माझं बोलून झाल्यावर बाईंनी पाटी घेतली.

‘शेवटचं पानसुद्धा?’

“हो, बाई.”

त्यांनी पाटी पुसली.

मी म्हणालो, “त्या तीन चौकटींत काय होतं ते लिहून दिलंत, तर मी पानावर नीट मांडून देतो. निदान शब्द तरी राहतील.”

त्यांनी लिहिलं, ‘लिहायचं असतं तर तेव्हाच लिहिलं असतं.’

काका खिडकीपासून हलले नाहीत. मी उठलो तेव्हा बाईंनी पुन्हा पाटी वाजवली. ‘चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.’ तो चहा मी कसा प्यालो ते मला आठवत नाही.

पुढचे चार दिवस मी एकच काम केलं: बाईंचा आवाज आणखी कुठे आहे का ते शोधणं. शर्वरीचा फोन नवा होता, जुन्या चॅटमधलं काही त्यावर आलेलं नव्हतं. नातू बंगळूरला, तो आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलायचा, आणि कॉल कुणी रेकॉर्ड करत नाही. काकांच्या फोनवर व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज असायला हवे होते.

काका म्हणाले, “मी दर महिन्याला सगळं डिलीट करतो हो. फोन भरतो.”

“तरी बघू द्या.”

डिलीट करताना सुटलेले नऊ मेसेज सापडले. सगळे काका बाजारात गेलेले असतानाचे, आजाराच्या आधीचे, खणखणीत आवाजातले. ‘अहो, ताक आणा, आंबट नको.’ ‘कोथिंबीर बघून घ्या, कालची होती.’ ‘किती वेळ, या आता.’ मी ते कॉम्प्युटरवर घेऊन तुकडे केले. मागे भांड्यांचा, टीव्हीचा आवाज होता. कामाचे असे सात तुकडे निघाले: अहो. नको. किती वेळ. या आता. पुरे. आंबट आहे. बघून घ्या.

‘पाणी’ कुठेच नव्हतं. ‘दुखतंय’ नव्हतं. निरोगी माणूस आपल्या नवऱ्याला ‘दुखतंय’ असा व्हॉइस मेसेज पाठवत नाही.

ते सात तुकडे मी टॅबवरच्या एका ॲपमध्ये थेट बसवले, म्हणजे ना लिंक, ना पत्ता. उरलेल्या वाक्यांना टॅबमधला मशीनचा आवाज दिला. तो आवाज ‘कळलं’ला ‘कललं’ म्हणायचा. बाईंनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा डोळे मिटून घेतले. मग लिहिलं, ‘हा माझ्या वर्गात असता तर नापास.’

त्यांनी मशीनचा आवाज जेमतेम वापरला. ‘पाणी’ पाटीवर लिहायच्या. सात चौकटींमधली ‘नको’ मात्र सर्रास दाबायच्या. औषध आणलं की नको, पाहुणे आले की नको. पावसाळा संपता संपता बोटं आखडली. पाटी बंद झाली, टॅबही. मग फक्त पापण्या राहिल्या: एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. दिवाळीनंतर बाई गेल्या.

मी दहाव्या दिवशी भेटायला गेलो. शर्वरीने दार उघडलं. काका आत होते, भेटले, हवापाण्याचं बोलले. शेवटच्या पानाचा विषय कुणी काढला नाही. त्या तीन वाक्यांत काय होतं हे आता कुणालाच कळणार नाही. आणि त्याला कारण आजार नाही. मी एक्सपोर्टचं बटण दाबलं तेव्हा पत्ता नीट पाहिला नाही, हे कारण आहे.

तेव्हापासून एक नियम केला आहे. फाइल तयार झाली की ती दुसऱ्याच्या मशीनवर उघडायची. त्या मशीनवर माझं काहीही नसलं पाहिजे. तिथे प्रत्येक लिंक दाबायची, आणि मूळ फाइल्स क्लाएंटकडे पोचल्या आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. तोवर ‘झालं’ म्हणायचं नाही. क्लाएंट वैतागतात. परवा एक जण म्हणाला, “अहो, तुमच्या लॅपटॉपवर चालतंय ना? मग द्या की.”

मी त्यांना सांगितलं की माझ्या लॅपटॉपवर माझं सगळंच चालतं.