मच्छरदाणीची टोपी

तीन माणसं वर्षानुवर्षं एकाच वाटेनं सायकली हाणतात म्हटल्यावर किस्से साठणारच. आमचे सगळे डासांचे! इस्रायलमधल्या किर्यात गात गावच्या सूतगिरणीतून संध्याकाळी सुटायचं आणि संत्र्यांच्या बागेतून घरी यायचं. तिथे पाटाच्या पाण्यावर डासांचे थवे.

शालोमला तोंड बंद ठेवणं कधी जमलंच नाही. एकदा बडबडताना डास गिळला आणि ब्रेक मारून विचारतो, "हा कोशेर का रे? आपल्या ज्यूंना खायला चालतो ना?"

अब्राहामकाका अलिबागचे. खोबरेल आणि कापूर चोपडून यायचे. गिरणीतल्या पोरी नाकं दाबायच्या. काका म्हणायचे, "च्यायला, डास सोडून सगळे पळतात!"

माझी गोष्ट सांगायची मला लाज वाटते. रिबकानं, माझ्या बायकोनं, तिच्या आईनं लग्नात दिलेली मच्छरदाणी कापली आणि माझ्या टोपीला जाळी शिवली. गळ्याशी इलॅस्टिक. पहिल्याच दिवशी पोरं ओरडली, "नवरी आली, नवरी!" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी टोपी घालून निघायचो, बागेच्या घराकडच्या टोकाला फांदीला अडकवायचो आणि संध्याकाळी बाग ओलांडली की पुन्हा घालून घरी. तोंडभर डास चावलेल्या गांधी!

"हे काय हो?" रिबका विचारायची.

"एखादा आत शिरला असेल."

बिचारीनं इलॅस्टिक आवळलं. दोनदा!

मग एका संध्याकाळी टोपी फांदीवर नव्हतीच. घरी सांगितलं, वाऱ्यानं उडाली. तर म्हणते, "नाडी लावायला हवी होती. माझंच चुकलं."

आठवड्यानं बाजाराला जायचं म्हणून रिबका गिरणीच्या फाटकाशी आली. शालोम आणि मी तिच्याशी बोलत होतो, तेवढ्यात आमचा फोरमन सायकल घेऊन बाहेर आला. त्याच्यापुढे सगळी गिरणी चळचळा कापायची. डोक्यावर माझी टोपी!

आम्ही बघतोय म्हणून थांबला, हिब्रूत काहीतरी म्हणाला. रिबकानं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतात ते?"

मी सायकलची चेन बघायला वाकलो. पण शालोम कसला गप्प बसतो! "म्हणतात, बागेत फांदीला नीट अडकवलेली सापडली. आत एक डास येत नाही. टाकणारा गाढव असला पाहिजे."

रिबका माझ्याकडे बघतच राहिली. मग पदर सावरून म्हणाली, "अहो, त्यांना विचारा, गळ्याशी घट्ट तर होत नाही ना?"