पुस्तकबाई

ब्रह्मपुरीच्या बाजारात ती मासेवालीला विचारायची, "हे आज सकाळचेच आहेत ना हो?" मासेवाली हसायची, "काऊन वं, पुन्याहून आली काय?" बाई वैनगंगेकाठच्या ढिवराची पोर, बापाबरोबर जाळं ओढलेली. पण तिच्या तोंडी 'मले-तुले' नसे. सारी झाडीपट्टी तिला पुस्तकबाई म्हणे.

आधी ती तशी नव्हती. मी नाटक मंडळीचा मालक आणि पेटीमास्तर, ती आमची नायिका. पदाची पहिली ओळ ती पेटीशिवाय गायची. "मास्तर, मले पयले एकटीले जाऊ द्या, मंग तुमी या," म्हणायची. तिच्या नावावर गावोगावचे प्रयोग ठरत.

एकदा सिनेमावाले आमचं नाटक पाहून गेले. मंगळवारी तिला वरोऱ्याला घेऊन या, असा निरोप त्यांनी माझ्याकडे ठेवला. त्यांना नदीवरची गाणारी बाई हवी होती. "बोली अशीच राहू द्या, तिच्यासाठीच तर आलो," असं ते दोनदा म्हणाले.

ती गेली असती तर मंडळी बंद पडली असती. मी तिला सांगितलं, "गळा आवडला त्यायले. पन तुयी बोली नाई चालत म्हने."

ती एवढंच म्हणाली, "बोली तं शिकता येते."

मग प्रयोगांना जाताना मंडळीच्या जीपमध्ये तिचं सुरू झालं. पाणी, लोणी, गाणी. 'ण' साधेपर्यंत घोकायची. आमच्यातला खलनायकाचं काम करणारा नट चिडवायचा, "बाई, शाळा भरली काय जीपमंदी?" ती हसत नसे. "ते पुन्हा आले तर चूक नको," म्हणायची. वीस वर्षं ती त्यांची वाट पाहत माझ्याच मंडळीत राहिली. आमच्या नाटकातल्या नदीवरच्या बाईची पदं तिच्या तोंडी हळूहळू परकी वाटू लागली. लोक म्हणू लागले, गळा तोच आहे, पण बाई आपली नाही राहिली. मी पेटी वाजवत राहिलो.

आता ती कुरखेड्याला भाचीकडे असते. गेल्या महिन्यात मी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सुपातला हात थांबला.

"काऊन जी, मास्तर?" ती म्हणाली.

इतक्या वर्षांनी तो शब्द तिच्या तोंडून ऐकला. मी मान वर केली, तर ती ओशाळली होती.

"माफ करा," ती घाईने म्हणाली, "का... का केलंत असं?"