साडूंचं डिसटेन्शन

माझ्या साडूंइतका इंग्रजीवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत नसेल, आणि त्या प्रेमाचं मातेरं करणारा माझ्यासारखा मास्तरही नसेल. मी हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. म्हणजे मराठीतून शिकवलं. साडूंचं सुपारीचं दुकान. त्यांच्या मुलाने दुबईत केरळच्या एका नर्सशी लग्न केलं, तेव्हा साठीतले साडू वही घेऊन माझ्या पडवीत हजर झाले. सुनेला हिंदी थोडं येत होतं, पण साडूंचं हिंदी कुणालाच येत नव्हतं. म्हणाले, "सून पहिल्यांदा घरात येणार नि मी काय मुक्यासारखा बसू? शिकवा, मास्तर."

साडू चहाची पूड दोनदा उकळणारे. शब्दाला पुढे शेपूट लावलं की अर्थ उलटतो, हे कळल्यावर ते हरखलेच. "म्हणजे हॅपी शिकलो की अनहॅपी फुकट? हे आधी नाय काय सांगायचं!" मग भात नको असला की "आय ॲम अनहंग्री", कोळणीच्या टोपलीत वाकून "अनफ्रेश", आणि ती खवळली की "इम्पॉसिबल बाई". एका दुपारी त्यांनी विचारलं, "टेन्शन नसलं तर काय म्हणायचं?" मी सुरमईचं जेवण जेवून पेंगत होतो. म्हटलं, "डिस लावा, चालतं."

सून आली. दुसऱ्या दिवशी मुलगा मित्रांकडे गुहागरला गेलेला, मी पाहुणा म्हणून पंगतीला. जेवण झाल्यावर सुनेने इंग्रजीत विचारलं, "बाबा, सगळं ठीक ना?" साडूंनी समाधानाने पोटावरून हात फिरवला. "यस! फुल डिसटेन्शन!" सून ताडकन उठली. त्यांना खाटेवर निजवलं, पोट दाबलं, टकटक वाजवून पाहिलं. "कधीपासून?" तिने मला विचारलं. तो शब्द शिकवून महिना झाला होता. मी छातीठोकपणे म्हणालो, "सिन्स वन मंथ!"

मुलगा परतेपर्यंत साडू बिनमिठाच्या पेजेवर होते. डिसटेन्शन म्हणजे पोट फुगणं, हे त्याने आम्हाला सांगितलं, आणि बाबांना 'टेन्शन नाही' म्हणायचं होतं, हे सुनेला; तेव्हा ती हसून हसून खालीच बसली. साडूही हसले. मी चपला शोधत होतो.

पंधरा दिवसांनी मी स्टेशनवर निरोपाची तीन इंग्रजी वाक्यं पाठ करून गेलो. तीही ऐन वेळी आठवली नाहीत. साडूंनी तर प्रयत्नच केला नाही. सुनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ये गो परत." ती म्हणाली, "येते, बाबा."

आता ते माझ्याकडे शिकायला येत नाहीत. परवा मीच गेलो. "बसा मास्तर, सुनेचा फोन आहे," म्हणून ते आत गेले. फोन स्पीकरवर होता; ती मराठीत चुकत होती, हे इंग्रजीत, आणि दोघं पोट धरून हसत होती. त्यातलं निम्मंही मला कळलं नाही. तरी फोन संपेपर्यंत मी तिथून उठलो नाही.