नाल्याअलीकडची हद्द

आमचं गाव नवापूरच्या डोंगरपट्ट्यात, अगदी राज्याच्या टोकाला. गावाखालून नाला वाहतो. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गुजरात. माझं माहेर पलीकडचं, सासर अलीकडचं. दोन्हीकडे घरात एकच मावची बोली आणि बाजारही एकच. मुलाला ताप आला की आम्ही पलीकडच्या दवाखान्यात जायचो, आणि तिकडचे लोक लग्नाच्या कापडाला इकडे यायचे. राज्य बदललं हे फक्त एसटीच्या पाटीवर दिसायचं.

गावची पोलीस पाटील म्हणून माझी नेमणूक झाली आणि मग ही हद्द मला पहिल्यांदा कामाची वस्तू म्हणून दिसायला लागली. निवडणुकीच्या आधी दोन्ही राज्यांचे अधिकारी एका आश्रमशाळेच्या सभागृहात बसायचे. दारूच्या गाड्या कुठून येतात, इकडे गुन्हा करून तिकडे पळालेला माणूस कसा धरायचा, रस्त्यावर तपासणी नाकं कुठं लावायचं, असं बोलणं चालायचं. आम्ही गावचे लोक मागच्या बाकांवर. माझ्या माहेरच्या गावचे पोलीस पटेल, म्हणजे तिकडचे पोलीस पाटील, तिथं असायचे. गावनात्यानं मी त्यांना मामा म्हणते. साहेबांनी सांगितलं, "समोरच्या गावच्या माणसाचा नंबर घेऊन ठेवा." मामा माझ्याकडे बघून हसले. माझ्या लग्नात मांडव त्यांनीच घातला होता.

त्या उन्हाळ्यात आमच्या फोनवर आवाजाचा एक संदेश फिरायला लागला. आधी गुजरातीत आला, मग हिंदीत, मग कुणीतरी आमच्याच बोलीत तो पुन्हा बोलला. मुलं पळवणारी टोळी डोंगरात शिरली आहे, भिकाऱ्याच्या, फेरीवाल्याच्या वेशात येतात. मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्याकडे म्हणतात मुलं तुमच्या गावातून गेली." आणि आमच्या गावात म्हणत होते, मुलं त्यांच्या गावातून गेली.

मी घरोघर जाऊन सांगितलं, कुणाचंही मूल गेलेलं नाही. कुणी वाद घातला नाही. "हो ताई," म्हणायचे आणि खाली बघायचे. त्याचीच मला धास्ती वाटली. आमच्या गावात लोक भांडतात, ओरडतात. असे गप्प कधी नसतात. पोरांनी नाल्यावर जाणं बंद केलं. गावाच्या तोंडाशी चिंचेखाली माणसं बसायला लागली आणि येणाऱ्याला नाव विचारायला लागली. त्यांच्यात माझा धाकटा दीरही होता. एके सकाळी तो कुऱ्हाडीचा दांडा काचेनं तासत होता. मी विचारलं, "पातं कुठं आहे?"

"पात्याचं काम नाही, वहिनी," तो म्हणाला.

बाजाराच्या दिवशी दुपारी आरडाओरडा ऐकू आला. पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देणारं एक जोडपं नाला ओलांडून आलं होतं. बाईच्या कडेवर दीडेक वर्षांचं मूल. मूल गोरं होतं आणि आईबाप उन्हानं काळवंडलेले. तेवढं पुरलं. मी पोचेपर्यंत त्या माणसाच्या कपाळातून रक्त वाहत होतं आणि कुणीतरी मूल ओढत होतं. बाई ओरडत नव्हती. तिनं दोन्ही हातांनी मूल आवळून धरलं होतं आणि दातांनी पदर धरला होता.

मी मध्ये घुसले. कशी घुसले ते आठवत नाही. शेजारीच अंगणवाडी होती. सेविकेनं दार उघडलं, आम्ही दोघींनी त्या तिघांना आत ढकललं. कडी घालून मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

समोर सगळी ओळखीची तोंडं. माझ्या हातचं जेवलेली, माझ्या बाळंतपणात रात्र जागलेली.

"ताई, बाजूला हो."

"पोलीस येऊ दे. मग होते बाजूला."

"पोलीस पैसे घेऊन सोडतील. मूल यांचं नाही, डोळ्यांना दिसतंय."

मी आमच्या ठाण्यात फोन केला. आमच्या बीटचा हवालदार रनाळ्याचा, अहिराणी बोलणारा. तो म्हणाला, "मी यी ऱ्हायनू, ताई. तोपावत दार उघडू नका." पण तो लांब होता, घाटाच्या पलीकडे. मग मी मामांना फोन केला. "पाट्यावाले? तेच? ते तर आमच्या शाळेमागे उतरले होते," मामा म्हणाले. "भाची, दार सोडू नकोस."

कौलावर दगड पडायला लागले. आत मूल रडायला लागलं, तशी गर्दी आणखी पुढं सरकली. कुणीतरी म्हणालं, "पेटवून द्या." ते कुणी म्हटलं हे मला ठाऊक आहे. आजही तो माणूस मला रोज दिसतो.

मग पलीकडच्या काठावर सायरन वाजला. मामांनी कळवलेली गुजरात पोलिसांची गाडी नाल्यापाशी येऊन थांबली. पुढं आली नाही. हद्द आमची होती आणि इकडून निरोप गेल्याशिवाय त्यांना ओलांडता येत नव्हतं. गाडी नुसती तिथं उभी राहून वाजत राहिली. मागचे लोक वळून बघायला लागले, काही पांगले. तेवढ्यात मामा नाला उतरून आले. त्यांच्यामागे माझ्या माहेरच्या चार-पाच बाया, ओल्या पायांनी, धापा टाकत.

एक म्हातारी सरळ माझ्या दिरासमोर जाऊन उभी राहिली. "हे मूल माझ्या ओट्यावर खेळलंय. आई त्याला पाजते, मी बघितलंय. मार, आधी मला मार."

ती दिराची चुलत सासू. त्यानं दांडा खाली केला. टाकला नाही.

हवालदार आला तेव्हा उरलेले लोक दूर बसून होते. त्यानं पलीकडच्या साहेबाशी फोनवर बोलणं केलं, त्यांचा दवाखाना जवळ म्हणून त्या तिघांना नाल्यापर्यंत नेलं आणि तिकडच्या गाडीत बसवलं. मी सोबत गेले. बाईनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी तिला वाचवलं असं मला वाटत होतं. तिच्या लेखी मीही त्याच गावातली होते.

माणूस जगला, एवढं मामांकडून कळलं. त्याचा एक डोळा मात्र गेला. गुन्हा नोंदला गेला, पण साक्षीला कुणी पुढं आलं नाही. मी नावं सांगितली. त्यानंतर आमच्या घरी हळदी-कुंकवालाही कुणी येईनासं झालं.

पुढच्या बैठकीत साहेबांनी आमचं कौतुक केलं. दोन राज्यांचा समन्वय असा असावा म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा या वेळी हसले नाहीत. बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "परवा आमच्याकडे एका मेंढपाळाला अडवलं. मी वेळेवर पोचलो म्हणून बरं."

आवाजाचा तो संदेश आता फिरत नाही. चिंचेखाली माणसं मात्र बसतात. परवा दीर जेवायला आला होता. मी भाकरी वाढत होते. मान वर न करता, अगदी मायेनं तो म्हणाला, "वहिनी, पुढच्या वेळी दारात उभी राहू नकोस. आम्हाला तू दिसणार नाहीस."