पेटीचं नाव

अकोला स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी बाबा खिडकीच्या गजांना धरून मला म्हणाले, "माय, एक काम कर माझं. आपन पेटी म्हनतो, तिले शिकलेले लोक हार्मोनियम म्हनतात. हे नाव कुठून आलं, तेवढं पाहून सांग."

आई चिडली. "पोरगी परदेशी चालली अन् तुमाले पेटीचं पडलं!"

बाबा पेट्या दुरुस्त करायचे. अमरावतीपर्यंतची भजनी मंडळं फुटके भाते घेऊन त्यांच्याकडे यायची. सांधा सरसाने जोडून वाळला की बाबा त्यावर गाल टेकवायचे आणि डोळे मिटून, हवा कुठून निसटते का ते बघायचे. संध्याकाळी घरी येताना गालावर भुसा असायचा. कॉन्व्हेंटमध्ये मी मैत्रिणींना सांगायचे, बाबांचं फर्निचरचं दुकान आहे.

म्युनिकला आल्यावर दर रविवारी फोनवर तोच प्रश्न. "सापडलं काय व माय?"

"बघते बाबा. या आठवड्यात डेडलाइन आहे."

"राहू दे, राहू दे. घाई नाही."

डेडलाइन खरी असायची, पण कारण ते नव्हतं. पेटीचा विषय निघाला की मी शाळेतल्यासारखीच अंग चोरायचे. अशी तीन वर्षं गेली. मग बाबा गेले.

तेरावं करून म्युनिकला परतले, त्याच संध्याकाळी लॅपटॉप उघडला. पाच मिनिटं लागली. नाव पॅरिसमध्ये ठेवलेलं, पण मूळ शब्द ग्रीक. त्याचा फार जुना अर्थ सुतारकामातला: होडीच्या दोन फळ्या जिथे घट्ट बसतात, तो सांधा. सुरांचा मेळ हा अर्थ नंतरचा. आधी फळीला फळी, मग सुराला सूर.

आईला फोन करून सांगितलं.

"म्हंजे त्याइच्याच कामाचं नाव होतं काय ते?" मग हळूच म्हणाली, "भल्लं आवडलं असतं व त्याइले."

दिवाळीत अकोल्याला गेले. दुकान आता दुसऱ्याचं आहे, बाबांची स्वतःची पेटी तेवढी घरी आली आहे. आई बाजारात गेल्यावर मी भाता ओढला आणि एकेका सांध्यावर गाल टेकवला. हवा कुठूनच निसटत नव्हती. तसंच टेकून मी बाबांना नावाची सगळी गोष्ट सांगितली, अडखळत, मराठीत.

इथे म्युनिकमध्ये कोणी विचारलं, घर कुठे, तर मी अकोला म्हणते. आणि त्यांनी विचारलं नसलं तरी सांगते, माझे बाबा पेट्या दुरुस्त करायचे.