भलत्याच्या कानी पडलेलं

बाबांच्या घरी टीव्ही आणि इंटरनेट एकाच वायरीवर चालतात. एका रविवारी सकाळी दोन्ही एकदमच बंद पडले. आई गेल्यापासून बाबा नाशिक रोडच्या त्या कॉलनीत एकटेच राहतात. मी देवळाली कॅम्पात असते, म्हणजे रिक्षाच्या अंतरावर. पण एवढ्याशा गोष्टीसाठी लेकीला बोलावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आई होती तेव्हा शेजारी विरजण मागायलासुद्धा तीच जायची. बाबा एक वेळ दह्याशिवाय जेवले असते.

त्यांनी रिमोटचे सेल बदलून पाहिले, टीव्ही बंद करून पुन्हा लावला. मोडेमवर एरवी हिरवा असणारा दिवा लाल दिसत होता. मोडेमच्या डब्यावर चिकटवलेल्या नंबरावर फोन केला तर तो अस्तित्वात नाही असं उत्तर आलं, कारण मधल्या काळात केबलवाला बदलला होता. नव्याचा नंबर महिन्याच्या बिलावर असतो, पण बिल फोनवर येतं आणि बाबा ते उघडत नाहीत. मग त्यांनी मोबाइलवर कस्टमर केअर असं शोधलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो फिरवला.

पलीकडचा माणूस अदबीने बोलला. सर, तुमची केवायसी अपूर्ण राहिली आहे, म्हणून लाइन थांबवली आहे, असं त्याने सांगितलं. तुमच्या मोबाइलवर एक कोड येईल, तेवढा वाचून दाखवा, लगेच चालू करून देतो. कोड आला. बाबांनी एकेक आकडा नीट उच्चारून सांगितला. त्याच मेसेजमध्ये खाली लिहिलेलं होतं की हा कोड कुणालाही देऊ नका. मी नंतर विचारलं तेव्हा ते म्हणाले, ती ओळही मी वाचली होती. पण मला वाटलं, ती बाहेरच्या माणसांसाठी आहे, हा तर कंपनीचाच.

बाबांची सगळी नोकरी नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये गेली. सुटताना फाटकावर झडती व्हायची. झडती घेणारा आणि देणारा दोघं एकाच गल्लीत राहत असले तरी ती चुकायची नाही, हे ते आम्हाला अभिमानाने सांगायचे. असा माणूस फसला कसा, असं पुढे बऱ्याच जणांनी मला विचारलं. बाबांनी स्वतः एकच कारण दिलं. "तो मला सर म्हणाला," ते म्हणाले. "बऱ्याच दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं."

तो कोड इंटरनेटचा नव्हताच. बाबांच्या नंबरावरचं व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर चालू करायचा तो कोड होता. त्या माणसाने ते आपल्याकडे घेतलं, आणि बाबांना परत मिळू नये म्हणून वर स्वतःचा पिनही घातला.

थोड्या वेळाने मला बाबांच्या नावाने मेसेज आला. मी दवाखान्यात आहे, तातडीने पैसे हवेत, या नंबरावर पाठव, उद्या परत करतो. माझी तव्यावरची पोळी करपली. पण वाचता वाचताच काहीतरी खटकलं. बाबा कधीच टाइप करत नाहीत, आणि माझ्याकडे तर ते मेले तरी पैसे मागणार नाहीत. मी साधा फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. दवाखान्यात वगैरे काही नव्हते, आरामखुर्चीत बसून लाइन चालू व्हायची वाट बघत होते.

मी रिक्षा करून पोहोचले तेव्हा त्यांचा फोन सारखा वाजत होता. कुणी घाबरून विचारत होतं, कुणी हसत होतं. बाबा प्रत्येकाला तेच तेच सांगून थकले होते. आधी मी बँकेला फोन लावून त्यांचं खातं सुरक्षित आहे ना ते पाहिलं. ते होतं. मग सायबर पोलिसांच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. व्हॉट्सॲप परत घ्यायला गेले तर पिनमुळे आठवडाभर थांबा असं आलं. म्हणजे तोवर बाबांना स्वतःच्या नावाने कुणालाच लिहून कळवता येणार नव्हतं. तेव्हा ज्यांना ज्यांना मेसेज गेला असेल त्यांना फोन करून सावध करायचं ठरलं.

भावकीचा एक ग्रुप आहे. त्यातली नावं मी माझ्या फोनवर वाचत होते आणि बाबा फोन लावत होते. आत्याचं नाव आलं तेव्हा त्यांनी फोन खाली ठेवला.

"तिला नको," ते म्हणाले. "तिला कशाला पाठवेल तो?"

"ग्रुपमधल्या सगळ्यांना पाठवलंय, बाबा."

"मग ती काय पैसे पाठवणार आहे होय माझ्या नावावर? पुढचं नाव वाच."

मी पुढचं नाव वाचलं.

आत्या बाबांची धाकटी बहीण, नदीकाठच्या सायखेड्याला असते; आजीही तिथेच राहायची. आजी शेवटची आजारी पडली तेव्हा ती सारखी म्हणायची, मला घरी न्या, मला गंगेचं पाणी दिसू द्या. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. आत्याचं म्हणणं होतं की तिला सायखेड्याला नेऊ. बाबांना डॉक्टरांनी थोडी आशा दाखवली होती. त्यांनी आजीला हलवू दिलं नाही, आणि आजी नाशिकच्या दवाखान्यातच नळ्या लावलेल्या अवस्थेत गेली. दहाव्याला घाटावर सगळ्या भावकीसमोर आत्या म्हणाली, आईला तू परक्या जागी मारलंस. तेव्हापासून ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आत्याचे यजमान गेले तेव्हा बाबा सायखेड्याला गेले, लोकांच्या मागे उभे राहिले आणि तिला न भेटता परत आले. ग्रुपवर एकाने काही लिहिलं तर दुसरा त्यावर अवाक्षर काढत नसे.

सगळे फोन झाल्यावर मी टीव्हीच्या मागे वाकले. कामवाल्या बाईंनी रविवार म्हणून तिथली जळमटं काढली होती. त्यात मोडेमची वायर अर्धवट निसटली होती. मी ती खटकन आवाज येईपर्यंत आत बसवली, मोडेमचं बटण बंद केलं, थोडं थांबून पुन्हा लावलं. दिवे लुकलुकले आणि लाल दिवा हिरवा झाला. टीव्हीवर कुणीतरी भेंडीच्या भाजीची कृती सांगू लागलं. बाबा त्या पडद्याकडे बघत बसले. मला वाटतं, त्या दिवसात त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते हेच, की एवढंच करायचं होतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा बेल वाजली. बाबांनी दार उघडलं. दारात आत्या उभी होती.

मी तिला एवढ्या जवळून खूप वर्षांनी बघत होते. केस पांढरे झाले होते. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात भरलेली पिशवी. पिशवीतून घडी घातलेली चादर आणि टॉवेल वर दिसत होता. दवाखान्यात पेशंटजवळ राहायला जाताना बाया नेतात तसं सगळं घेऊन ती सायखेड्याहून बसने आली होती. कोणता दवाखाना ते कळेना, म्हणून शेजारीपाजारी विचारावं असं ठरवून आधी घराकडे आली.

तिने बाबांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "दादा," ती म्हणाली, "तू तर दवाखान्यात होता ना रे?"

"कोण म्हणालं?"

"तूच."

तिने फोन पुढे केला. बाबांनी तो हातात घेतला नाही, लांबूनच पाहिला. दिवसभर पन्नास जणांना सांगून सांगून त्यांच्या आवाजाला एक चिडका सूर लागला होता, तोच सूर तिच्याही वाट्याला आला.

"हे मी लिहिलेलं नाही. कुणीतरी चोराने लिहिलंय. तुला एवढंही कळलं नाही? मी तुझ्याकडे कधी काही मागेन का?"

वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी दाराची कडी उगाच हलवून पाहिली. आत्याने पुढे केलेला फोन मागे घेतला.

"खरं हाय," ती म्हणाली. "तू कशाला मागशील."

मी तिला हाताला धरून आत आणलं, पाणी दिलं. तिने सुनेच्या फोनवरून पैसे पाठवलेही होते, दुपारच्या आतच. मी तिच्या वतीने तक्रार नोंदवेपर्यंत ती परक्याच्या घरी बसावं तशी सोफ्याच्या कडेला टेकून बसली. पिशवीतून आणलेला पेजेचा डबा तिने स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. बाबा खिडकीशी उभे होते. बस, चहा घे, असं ते एकदा म्हणाले. ती म्हणाली, उशीर व्हईल, शेवटची गाडी नाय भेटत मग. शेवटची गाडी सुटायला अजून पुष्कळ अवकाश होता.

मी तिला सोडायला स्टँडवर गेले. तिथल्या बाकावर बसून तिने मला उरलेली गोष्ट सांगितली.

तिला टाइप करता येत नाही, म्हणून ती बोलून निरोप पाठवते. बाबांच्या नावाचा मेसेज आल्यावर तिने पैशांआधी हे निरोप पाठवले होते. एक नाही, बरेच. तिने त्यातला एक मला लावून दाखवला. रडवेल्या आवाजात ती म्हणत होती, दादा घाबरू नको. आईला तू वाचवायलाच ठेवलं होतं तिथं, मला तवाच कळत होतं. मी चारचौघांत तुला बोलले, ते मनातून काढून टाक. मी येते तुझ्यापाशी.

त्या निरोपाखाली निळ्या खुणा उमटलेल्या होत्या. म्हणजे पलीकडे तो कुणीतरी ऐकला होता. आणि त्याखाली उत्तर होतं: ओके, लवकर पाठव.

"मला वाटलं, त्याला बोलवत नसल," आत्या म्हणाली. "म्हणून एवढंच लिहिलं."

मी तिला विनवलं की हे निरोप मला पाठव, मी बाबांना ऐकवते. तिने मान हलवली आणि फोन पर्समध्ये टाकला. "ते म्या दवाखान्यातल्या माणसाला बोलले हुते, पोरी. हा तर धडधाकट हाय." गाडी लागली. तिने खिडकीतून हात केला. त्याच प्रवासात तिने ते सगळे निरोप पुसून टाकले, हे मला नंतर तिच्या सुनेकडून कळलं.

मी बाबांपासून हे लपवून ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशीच मला आठवत होतं तेवढं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तिच्या तोंडून ऐकायला हवं होतं मी." आठवड्याने व्हॉट्सॲप परत मिळालं तेव्हा मी शेजारी बसून त्यांचा स्वतःचा पिन घालून दिला, केबलवाल्याचा बिलावरचा खरा नंबर नावानिशी साठवून दिला. त्यांचं माझ्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. आत्याचं नाव उघडून ते बघत होते. तिथे काहीच नव्हतं. दुसऱ्याच्या फोनवर गेलेले निरोप त्यांच्या फोनवर येणार नव्हते.

मग ते मला घेऊन सायखेड्याला गेले. ते कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिच्या ओसरीवर बसले. आत्याने चहा केला, सुनेने पोहे केले. बोलणं कांद्याच्या रोपाचं झालं, पुलावर आलेल्या पाण्याचं झालं. सून आत गेल्यावर बाबांनी विचारलं, "त्या दिवशी तू काय काय बोलली होतीस फोनवर?"

"काय नाय," आत्या म्हणाली. "तब्येतीचं इचारलं."

"मी दारात तुला जे बोललो ना, ते..."

"चहा निवतोय, दादा."

बाबा चहा प्यायले. निघताना त्यांनी तिचे गेलेले पैसे पुढे केले, कारण बँकेने अडवून ठेवलेले थोडेच परत आले होते. तिने हात मागे घेतले. "म्या दादाला दिले हुते," ती म्हणाली. "चोराला नाय दिले."

आता दोघांचं येणं-जाणं सुरू आहे. भाऊबीजेला बाबा जातात, ती ओवाळते. तिची सून माहेरी गेली की ती दोन दिवस नाशिक रोडला येऊनही राहते, आणि टीव्ही बंद पडला तर बाबा तिला मागची वायर दाबून दाखवतात. बघणाऱ्याला वाटेल, सगळं ठीक झालं. पण आजीचं नाव निघालं की दोघं दोन दिशांना बघतात. तिचं एकदा बोलून झालंय, ते पुन्हा तिच्याने होत नाही. आणि बाबा अजून ऐकायची वाट बघतात.

कधी कधी मला त्या माणसाचा विचार येतो. चोरीमुळे नाही; तिचा तपास कधी लागला नाही आणि लागेल असंही वाटत नाही. त्याला मराठी येत होतं की नाही, त्याने ते निरोप शेवटपर्यंत ऐकले की खूण निळी व्हायला पुरेल एवढंच बटण दाबलं, हे मला कळायला काहीच मार्ग नाही. त्याने ते नीट ऐकले असते, तरी त्याला त्याचं काय होतं?