अप्पांचा जेवायचा हात

आमच्या पुण्याच्या ऑफिसात मोबाईल आत नेता येत नाही. पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून तो लॉकरमध्ये ठेवायचा. त्यामुळं माझे सासरे अप्पा गेल्याची बातमी मला जेवणाच्या सुट्टीत कळली. नवऱ्यानं फोनवर एवढंच सांगितलं, “अप्पा गेले गं...” आणि माझ्या तोंडून निघालं, “कुठं?” कारण अप्पा घरात कमी आणि कुठंतरी निघालेलेच जास्त. दुकानात गिऱ्हाइकाशी हसत बोलतानाच छातीत कळ आली म्हणे. रडता रडताही मनात आलं, अप्पा असते तर डोळे मिचकावून म्हणाले असते, “आता ह्याला कोड कोनता लावशील, सांग!”

कोड म्हणजे काय, ते सांगायला हवं. अमेरिकेतल्या दवाखान्यात डॉक्टर जे लिहितो ते वाचून प्रत्येक आजाराला, प्रत्येक इलाजाला ठरलेला कोड द्यायचा. त्यावरून बिल बनतं आणि विमा कंपनीकडं जातं. बी.एस्सी. होऊन मी जळकोटला सून म्हणून आले तेव्हाच हे काम शिकायचं माझ्या डोक्यात पक्कं होतं. क्लास मात्र धाराशिवला. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, कणीक मळता मळताच निकाल दिला, “रोज एसटीनं कोन नेनार हिला? सुनंनं घर बघावं.” नवऱ्याला किराणा दुकान सोडता येईना. मी रडकुंडीला आले. तर अप्पा म्हणाले, “म्या हाय की! दुकानात तरी माझं काय अडलंय? पोरगं मला तराजूला हात लावू देत न्हाय.”

पहिल्या दिवशी सर त्यांना म्हणाले, “काका, तुम्ही बाहेर बसा.” “बाहेर ऊन लई हाय,” असं म्हणून अप्पा शेवटच्या बाकावर पंख्याखाली बसले ते रोजच बसले. कोडिंग कशाशी खातात ते कळल्यावर मोठ्यानं म्हणाले, “म्हंजी रोगाला बी सातबारा असतो म्हना की!” सगळा क्लास हसला, आणि सर पुढं प्रत्येक नव्या बॅचला हेच वाक्य सांगू लागले. गाईनं मारलं तर त्यालाही वेगळा कोड असतो, हे ऐकून तर अप्पा हरखूनच गेले. गावात जो भेटेल त्याला सांगायचे, “अमेरिकेत बी गाई मारत्यात बरं का!”

परतीच्या एसटीत ते पेशंट व्हायचे, मी कोडर. एकदा नळदुर्गच्या अलीकडं कण्हत म्हणाले, “आई गं... माझा जेवायचा हात मोडला.” मी झटकन उजव्या हाताचा कोड सांगितला.

“चूक!”

“अहो अप्पा, जेवायचा म्हणजे उजवाच की.”

“ब्याड, ब्याड!” चेव आला की अप्पांचं नको-नको कानडीतून यायचं. “म्या कुठल्या हातानं जेवतो, सांग बरं?”

अप्पा पक्के डावखुरे. लहानपणी आईनं पळीचे फटके देऊनही ते डाव्यानंच जेवत राहिले. रोज त्यांना ताट वाढणारी मी, आणि माझ्याच ध्यानात नाही! तरी मी हटले नाही, “सगळं जग उजव्यानं जेवतं,” म्हणून भांडले. मागच्या सीटवरची मावशी माझ्या बाजूनं, कंडक्टर अप्पांच्या. सगळ्यांचं बोलून झाल्यावर अप्पा शांतपणे म्हणाले, “पोरी, इचारल्याबिगर लिव्हायचं न्हाय. येवढंच.” सरही तेच सांगून थकले होते : डॉक्टरनं लिहिलं नसेल तर अंदाज करायचा नाही, त्याला विचारायचं. पण माझ्या टाळक्यात ते शिरलं त्या एसटीत.

परीक्षा पास झाले. पुण्याच्या कंपनीनं मुलाखतीत एक नोंद वाचायला दिली : हाताचं हाड मोडलंय, पण कोणत्या हाताचं ते लिहिलेलंच नाही. मला हसूच फुटलं. “डॉक्टरांना विचारीन,” म्हटलं. नोकरी लागली! अट अशी, की सुरुवातीचे काही महिने पुण्यात राहायचं, मग घरून काम. आत्यांनी बोलणंच टाकलं. अप्पांनी मात्र शेंगाच्या चटणीचा डबा स्वतः माझ्या बॅगेत कोंबला.

...आणि मी तिकडं असतानाच ते गेले. सगळे विधी उरकले, रजा संपत आली, तरी मी बॅग भरेना. घरात आत्या एकट्या, दुकानाचा सगळा भार नवऱ्यावर. नोकरी सोडते म्हणून कळवायचं, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. जीव तुटत होता, पण ठरवलं होतं. रजेच्या शेवटच्या सकाळी आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या, “गाडीचा टाईम झाला, ऊठ की.”

“आत्या, तुम्ही एकट्या...”

“एकली कशानं? माझं पोरगं हाय की. आन् तूच न्हाय गेलीस तर त्या मानसानं उन्हातान्हात एसटीचे धक्के कशापायी खाल्ले?”

उमरग्याकडून पुण्याची गाडी आली ती गच्च भरून. अप्पांची सवय अशी, की गाडी थांबायच्या आतच खांद्यावरचा पंचा खिडकीतून टाकून माझी जागा धरायची. मी बॅग उचलेपर्यंत आत्या पदर खोचून गाडीपाशी पोचल्या होत्या. टाचा उंच करून त्यांनी अप्पांचा पंचा खिडकीतून सीटवर फेकला आणि आतल्या माणसांना दम भरला, “तिथं कुनी बसू नगा! आमची सून कामाला निघालीय.”